यादीबाहेरचं दार

५ मार्च, मंगळवार. पान ६४.

सकाळी ९.१० ला सातमजली इमारतीत पोचलो. वेळ दहाची होती, पण मी पन्नास मिनिटं आधी जातो. लिफ्टचं मशीन थंड असताना जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही. बावीसच्या बावीस मुद्दे तपासले. दोर: तुटक्या तारा शून्य. ब्रेक: पकड बरोबर. तळाचा खड्डा: कोरडा, एक कंगवा सापडला, वॉचमनकडे दिला. ११.५५ ला सेक्रेटरीची सही घेतली. तो यादी न वाचताच सही करतो. बावीस मुद्द्यांची ही यादी मी पंधरा वर्षं घासूनपुसून तयार केली आहे, कंपनीच्या इंजिनियरांच्या यादीत चौदाच मुद्दे असतात, हे त्याच्या गावीही नाही.

वॉचमन नेहमीसारखा दारातच. "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" मी मशीनला कान लावून ऐकतो म्हणून हे नाव. मला आवडत नाही असं मी दाखवतो.

निघताना म्हणाला, "डॉक्टर, तिसऱ्या मजल्याचं दार जरा बघता का? लिफ्ट समोर नसली तरी ओढलं की उघडतं."

वर जाऊन बघितलं. खटका झिजला आहे, जीभ खाचेत जेमतेम तीन मिलिमीटर बसते. हे होणारच होतं. दोन वर्षांपूर्वी माझं न ऐकता सेक्रेटरीने बाहेरची सगळी दारं एका स्वस्तातल्या माणसाकडून बसवून घेतली. तेव्हाच मी करारात नववं कलम घातलं: बाहेरची दारं यादीत नाहीत, यादीबाहेरच्या भागांची जबाबदारी माझी नाही. पत्र्याची एक पातळ पट्टी आणि दोन स्क्रू, वीस मिनिटांचं काम होतं. पण दुसऱ्याच्या कामाला मी हात लावत नाही.

वॉचमनला म्हणालो, "हे माझ्या यादीत नाही. ज्याने बसवलं त्याला बोलवा."

"अहो, मग निदान सेक्रेटरींच्या कानावर तरी घाला. माझं कोण ऐकतंय?"

"कानावर घालणंही यादीत नाही."

तो हसला, मीही हसलो. वाक्य जमलं होतं. घरी हिला सांगितलं तर ही हसली नाही. कामातली गंमत हिला कळत नाही.


१० मार्च, रविवार. पान ६६.

आज नवीन काही नाही, म्हणून एक जुनी गोष्ट नोंदवून ठेवतो. ही माझी नववी वही. नियम तीनच: खोटं लिहायचं नाही, खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. पानांवर आकडे मी वही आणल्याच दिवशी घालतो, म्हणजे मोह होत नाही. शाळा आठवीत सुटली. लिफ्टवाल्यांच्या हाताखाली हत्यारं वाहिली, त्यांनी फेकून दिलेली माहितीपुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली. आज माझा स्वतःचा परवाना आहे. ज्याला कोणी शिकवलं नाही त्याने सगळं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर लोक म्हणतात, याला काय येतंय.

वही मधल्या खणात असते. खणाला कुलूप नाही. हिने कधी हात लावला नाही आणि लावू नकोस असं मला कधी सांगावं लागलं नाही.


२१ मार्च, गुरुवार. पान ७१.

दुपारी २.२५ ला सेक्रेटरीचा फोन. वॉचमन गेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं मशीन खाली न्यायचं होतं. एक बाजू बाईंनी धरली, एक त्याने. तो उलटा चालत होता. पाठीमागे हात करून त्याने दार ओढलं, ते उघडलं, आणि त्याने मागे पाय टाकला. लिफ्ट सहाव्यावर होती.

तिसऱ्या मजल्यापासून खड्ड्याच्या तळापर्यंत अकरा मीटर दहा. मीच मोजलं आहे.


२२ मार्च, शुक्रवार. पान ७१.

निरीक्षक आले होते. मी बरोबर फिरलो. माझे बावीसच्या बावीस मुद्दे बरोबर निघाले. "यंत्र उत्तम ठेवलंय," असं ते स्वतःहून म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी खटका बोटाने हलवून पाहिला, काहीतरी लिहून घेतलं.

खड्ड्यात शिवणयंत्राचं चाक पडलं होतं. मी उचलून बाजूला ठेवलं. खड्डा स्वच्छ असणं हा एकविसावा मुद्दा.


२६ मार्च, मंगळवार. पान ७३.

सेक्रेटरी घरी आला. पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाला, "त्याच्या कमरेला आपत्कालीन किल्ली होती. त्यानेच दार उघडलं असणार. आणि जरा घेतलेलीही असावी."

"तो घेत नव्हता," मी म्हणालो.

"तुम्ही काय त्याच्या बरोबर बसायचात का?"

"नाही."

"मग झालं तर. दारं तुमच्या यादीत नाहीत, माझ्याकडे तक्रार नाही. तुम्ही सुटलात, मीही सुटलो. की तुमच्याकडे कोणी तक्रार केली होती?"

मी म्हणालो, "लेखी कोणी नाही." अगदी खरं उत्तर. त्याचा चेहरा सैल झाला. जाताना कधी नव्हे ते त्याने मला 'साहेब' म्हटलं.

तो गेल्यावर हिने त्याचा कप उचलला आणि दोनदा विसळला. माझा एकदाच.


२ एप्रिल, मंगळवार. पान ७६.

वॉचमनची बायको माझ्या वर्कशॉपवर आली. मी तिला आधी फक्त लांबून, खोलीच्या दारात बसलेली पाहिली होती. जिन्याखालची ती एक खोली, तिथेच त्यांचा संसार. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"डॉक्टर, एकच विचारायला आले. तो म्हणाला होता मला, दाराचं डॉक्टरांना सांगितलंय. तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मी विचारलं, "तारीख आठवते?"

"तारीख कशी आठवणार? ज्या दिवशी कंगवा आणला त्या दिवशी. तो हा." तिने केसांतून काढून दाखवला.

मी वळून मशीनकडे बघितलं. मशीनचा आवाज फार होता.

ती म्हणाली, "सेक्रेटरींनी पोलिसांना दिलेल्या अर्जात लिहिलंय, प्यायलेला होता, किल्लीने दार उघडलं, स्वतःच्या चुकीनं मेला. एकतीस जुलैला खोली सोडा म्हणतात. खोलीचं बघून घेईन मी. पण तो थेंबाला शिवला नाही कधी. आणि दार बिघडलंय हे माहीत असताना मुकाट बसला असं कोणी म्हणायला नको. सांगितलं होतं त्यानं. तेवढं एक तुम्ही बोललात तरी पुरे."

मी म्हणालो, "जे काही आहे ते कोर्टात विचारतील तेव्हा."

"बरं." तेवढंच म्हणाली आणि गेली. तिने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.


१३ एप्रिल, शनिवार. पान ८०.

वॉचमनच्या बायकोने दावा लावला आहे. इमारतीवर आणि माझ्यावर. वकीलबाई कोणी नवीन आहेत, फी न घेता लढतात म्हणे. मी वकील लावणार नाही. लिफ्ट शिकताना कोणाकडे गेलो नाही, कायद्याला कशाला जाऊ? वाचनालयातून करारकायद्याचं जाडजूड पुस्तक आणलं. दावा दोन शब्दांवर उभा आहे: गर्भित अट. करारात लिहिलेली नसते, तरी असते. माझ्यासारख्याला हे ऐकूनच घाम फुटतो. लिहिलेलं नाही ते असेलच कसं? मग लिहायचं तरी कशाला?


१७ एप्रिल, बुधवार. पान ८१.

पुस्तकातून उतरवून घेतो: "कसबी माणसाने काम घेतले की तो आपले कसब वाजवी काळजीने वापरील, ही अट न लिहिताही करारात असते."

माझं कसब बावीस मुद्द्यांत आहे आणि ते मी पुरेपूर वापरलं. त्याच पानावर पुढे असंही दिलंय की जे करारात स्पष्ट लिहिलं आहे त्याच्या विरुद्ध जाणारी अट गर्भित मानता येत नाही. माझं नववं कलम स्पष्ट आहे. दारांची जबाबदारी माझी नाही. या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारणार होतो, पण पुस्तक वाचनालयाचं.

जेवताना हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, "दार दुरुस्त करायचं नव्हतं हे कळलं. पण सांगायचं नव्हतं, हे कुठल्या कलमात?"

"तुला कायदा कळत नाही," मी म्हणालो.

"नाहीच कळत," ही म्हणाली.

हल्ली ही डाळ-तांदूळ जास्त काढते. दोघांना दीड वाटी पुरते, आज अडीच होती. विचारलं तर म्हणते, अंदाज चुकला. सव्वीस वर्षांत हिचा अंदाज कधी चुकला नव्हता.


३० एप्रिल, मंगळवार. पान ८६.

आज एक परीक्षा सापडली. अट गर्भित आहे की नाही हे कसं ओळखायचं? पुस्तक सांगतं, दोघं जण करार करत असताना शेजारी एक तिऱ्हाईत उभा आहे अशी कल्पना करा. तो मध्येच तोंड घालून विचारतो, "आणि समजा असं असं झालं तर?" त्यावर दोघंही वैतागून एका सुरात म्हणाले असते, "हे काय विचारणं झालं? अर्थातच!" तर ती अट करारात आहे. लिहायची गरज कुणाला वाटली नाही इतकी ती उघड आहे.

पुस्तक तिऱ्हाईत म्हणतं. मी त्याला चोंबडा म्हणतो.

मग लक्षात आलं, बाकीच्यांच्या खटल्यात हा चोंबडा काल्पनिक असतो. माझ्या खटल्यात तो खरोखरचा होता! त्याने खरोखर विचारलं, निदान कानावर तरी घालाल ना? आणि मी 'अर्थातच' म्हणालो नाही. 'नाही' म्हणालो. म्हणजे अट नाहीच. इतकं चोख प्रकरण पुस्तकात एकही नाही. दुपारपर्यंत खूश होतो, शिट्टीसुद्धा वाजवली.

संध्याकाळी गोम सापडली. हे कोर्टात मांडायचं तर त्याने मला सांगितलं होतं हे आधी कबूल करावं लागेल. दुसरी गोम: प्रश्न दोघांना विचारायचा असतो. सेक्रेटरीला कोणी विचारलंच नाही. ज्याने विचारायला हवं होतं तो

असो. दिवा बदलायला झालाय. अक्षर नीट दिसत नाही.


११ जून, मंगळवार. पान ९९.

सातमजलीवर नेहमीची तपासणी. सगळी दारं नवी बसवली. कोणी बसवली ते विचारलं नाही. नवा वॉचमन खुर्चीवरून उठला नाही, वहीत नाव लिहा म्हणाला. मी त्याला म्हटलं, "मी इथे अकरा वर्षं येतोय." तो म्हणाला, "मग नाव लिहायला काय जातंय?"

मशीनला कान लावला. सगळे आवाज बरोबर होते. तरी दोनदा लावला.

जिन्याखालच्या खोलीच्या उंबऱ्याशी आमच्या घरातला डबा ठेवलेला दिसला. झाकणावर पोचा आहे तोच, मोठा. तसे डबे बाजारात पुष्कळ मिळतात.


२६ जून, बुधवार. पान १०४.

नव्या करारांसाठी यादी पुन्हा छापायला टाकायची आहे. तेविसावा मुद्दा घालावा का? "इतर काही धोकादायक आढळल्यास कळवणे." चार वेळा कच्चं लिहून पाहिलं. मग वाटलं, हा मुद्दा आता घातला तर वकीलबाई म्हणतील, बघा, आधी नव्हता हे यालाही खटकलं. नाही घातला. बावीसच राहू दे.


८ जुलै, सोमवार. पान १०८.

आज माझी साक्ष झाली. जसं झालं तसं लिहितो.

खोली छोटी, पंखा डगमगता, वरचा एक स्क्रू सैल. न्यायाधीशांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. सेक्रेटरी पहिल्या रांगेत. वॉचमनची बायको शेवटच्या बाकावर, तिच्या शेजारी शिवणकामवाल्या बाई. ही बाजारात जाते म्हणून सकाळीच बाहेर पडली होती.

वकीलबाई वयाने लहान, पण यादी वाचून आल्या होत्या. बावीसही मुद्दे त्यांनी क्रमाने म्हणून दाखवले. इतक्या वर्षांत माझी यादी पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण वाचली. क्षणभर मला त्यांचा अभिमानच वाटला.

मग विचारलं, "ही यादी तुम्हीच केलीत?"

"होय. कोणाची मदत न घेता."

"उत्तम आहे. मग मला सांगा, एवढं बारीक बघणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्याच्या दारातला दोष दिसला नाही?"

"दारं यादीत नाहीत. नववं कलम बघा."

"कलम मी पाहिलंय. मी तुमच्या डोळ्यांबद्दल विचारतेय."

कोणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या."

"तपासणीत मी यादीतलंच बघतो."

"त्या दाराबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

"लेखी कोणी कळवलं नव्हतं."

"तोंडी?"

उत्तर तयार होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. "माझ्याकडे तशी नोंद नाही."

"तुम्ही सगळ्याची नोंद ठेवता असं ऐकलंय."

"ठेवतो. तशी नोंद नाही."

लघुलेखकाने ते टिपून घेतलं. सेक्रेटरीने पाय पसरले. मी खाली उतरलो तेव्हा वॉचमनची बायको माझ्याकडे बघत नव्हती. मांडीवर कंगवा धरून त्याचे दात अंगठ्याने एकेक करून वाजवत होती. दाराजवळच्या बाकावर कोणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसलं होतं, हिच्यासारखं. मी नीट पाहिलं नाही.

घरी येऊन पान ६४ उघडलं. नोंद आहे. तारखेसह, तीन मिलिमीटरसह. वहीत मी कधी खोटं लिहिलं नाही, म्हणून आजचंही लिहितो: आज मी कोर्टात नोंद नाही असं सांगितलं. निकाल पंधरा दिवसांनी.

कंगव्याबद्दल कोणी विचारलं नाही.


११ जुलै, गुरुवार. पान १०९.

सेक्रेटरीने पुढच्या पाच वर्षांच्या करारावर सही करून पाठवली. या वेळीही न वाचता.

ही तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला या. पाणी आलंय. किल्ली घेतली का. मोजले, काल दिवसभरात चौदा शब्द. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.


१५ जुलै, सोमवार.

पानाला आकडा नाही, कारण वही नाही. छापील यादीच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे.

कामावरून ६.२० ला आलो. खण उघडला, आत वही नव्हती. आधीच्या आठ जागच्या जागी, नववी नाही. आधी वाटलं, मीच कुठेतरी ठेवली. मग आठवलं, मी कधीच कुठेतरी ठेवत नाही.

ही स्वयंपाकघरात पाठमोरी होती. मी विचारायच्या आतच म्हणाली, "वकीलबाईंना सकाळीच देऊन आले. दुपारी कोर्टातून पावती आणलीय, डब्याखाली ठेवलीय."

मग ओरडलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इतका मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. "माझी वही? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीत?"

"तू वाचलीस?"

"पान चौसष्ट वाचलं. ते तर तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं होतं, हसत हसत. बाकी नाही वाचलं."

"घरातली वही बाहेर नेतेस? नवऱ्याविरुद्ध?"

तिने गॅस बंद केला. हात पुसले. मग शांतपणे म्हणाली, "वही कोणाला द्यायची नाही, असं आपलं कधी ठरलं होतं का? कुठे लिहिलंय?"

"हे काय ठरवावं लागतं?" मी म्हणालो. "हे काय विचारणं झालं?"

पुढे बोलणार होतो. तोंड उघडं राहिलं.

तिने माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखं नाही. आजाऱ्याकडे बघतात तसं. मग तिने माझं ताट केलं, तिचं केलं, मोठा डबा भरला आणि पोच्याचं झाकण लावलं. "येते देऊन," म्हणाली आणि गेली. आज लपवून नाही गेली.

पावतीच्या मागे वकीलबाईंचं अक्षर आहे: साक्ष पुन्हा घेण्याचा अर्ज मंजूर, उद्या सकाळी ११ वाजता हजर राहावे, नोंद साक्षीदाराने स्वतः मोठ्याने वाचून दाखवावी. परवाना जाईल. कोर्टात खोटं बोललो त्याचं वेगळं काय व्हायचं ते होईल. पुस्तकात ते शेवटच्या प्रकरणात आहे, मी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

वही समोर नसली तरी पान ६४ मला पाठ आहे. उद्या अडखळायला नको म्हणून रिकाम्या घरात उभं राहून म्हणून पाहिलं. वेळ नीट म्हटली. दोर, ब्रेक, खड्डा, कंगवा. सही ११.५५ ला. सगळं खणखणीत.

"काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" इथे आवाज बसतो.

चार वेळा केलं. चारही वेळा तिथेच.